चूलबंद आवतन

‘वडनेर भोलजी, नांदुरामार्गे खामगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे,’ हे वाक्य राजकुमारनं मलकापूरच्या स्टँडवर इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते म्हणायला त्याला तोंड लागत असे, डोकं लागत नसे. त्या मंगळवारी सकाळी मात्र ‘वडनेर’पाशी त्याचा आवाज थांबला. माइकचं बटण दाबलेलंच. भोंग्यातून नुसती खरखर बाहेर पडत राहिली आणि फलाटावरची माणसं, आता हे काय नवीन, म्हणून वर पाहू लागली. काय झालं होतं? तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. परवा रविवारी आपण वडनेरला थोरल्या भावाच्या, दादाच्या, दारात लग्नाचं आवतन द्यायला गेलो तेव्हा ‘चूलबंद’ म्हणालो का, हा प्रश्न त्याच्या मनात आला. आणि उत्तर आलं नाही. एवढंच. खामगावहून आलेली तीच गाडी वळसा घेऊन समोर उभी राहिली, दार आपटलं, माणसं उतरू लागली. एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं केबिनच्या काचेकडे बघून हात वर केला. त्याच्या मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई. हात करणारे दिवसभर असतात. बोदवडची गाडी गेली का, पिण्याचं पाणी कुठंय. राजकुमारनं सवयीनं मान हलवली, वाक्य कसंबसं पुरं केलं, बटण सोडलं आणि खुर्चीत टेकला. पंखा गरम वारा फेकत होता. वैशाख होता, आणि शुक्रवारी त्याच्या पोरीचं, राखीचं, लग्न होतं.

आता इकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगितलेलं बरं. लग्नाच्या पत्रिकेवर सगळ्यांनाच ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतं. तो छापखान्याचा मजकूर, त्याला कोणी विचारत नाही. खरं आवतन तोंडी. दारात उभं राहून, अक्षता देऊन जे बोललं जातं ते. कुणाला ‘घरटी एक माणूस’ म्हणतात. त्या घरचा एक जण येतो, जेवतो, आहेर करून गाडी पकडतो. आणि कुणाला ‘चूलबंद’ म्हणतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, आलेला पाहुणा, शेतावरचा सालदार, सगळे आमच्याकडे. चुली गेल्या, सिलिंडर आले, शब्द तेवढा राहिला. आणि कुणी कुणाच्या दारात काय म्हटलं हे माणसं विसरत नाहीत. शेताच्या धुऱ्याची भांडणं मिटतात, कोर्टातले दावे मिटतात. हे मिटत नाही. राजकुमारनं त्याच्या यादीतल्या कुणाकडेही घोटाळा केला असता तरी एक वेळ चाललं असतं. दादाकडे चालणार नव्हतं.

कारण घोटाळा तिथूनच सुरू झालेला. नऊ वर्षांमागं दादाच्या काजलचं लग्न होतं. सख्ख्या भावाला आवतन देत नसतात. सख्खा भाऊ आवतन द्यायला फिरतो. तेवढं राजकुमारलाही कळत होतं, म्हणून तो सुट्टी टाकून बोलावण्याची वाट पाहत बसला. बोलावणं आलं नाही. आला तो गोविंदा. गावची आवतनं वाटत फिरणारा हा माणूस मलकापुरातल्या घरांवरून फिरता फिरता राजकुमारच्याही दारात उभा राहिला, हातावर अक्षता ठेवल्या आणि सगळीकडे म्हणून आला होता तेच म्हणाला, “घरटी एक माणूस.” राजकुमारनं ते शब्द झेलले आणि शब्दशः पाळले. एकटाच गेला. बायकोला, रुक्मिणीला, घरी ठेवलं; मोठीआईच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या, अंगाखांद्यावर वाढलेल्या राखीला रडत ठेवलं. तिसऱ्या पंगतीला बसला. दादा वरणाची बादली घेऊन आला, म्हणाला, “एकटाच? राखी कुठं हाये? तिची माय?” तेव्हा राजकुमार व्याह्यांच्या देखत म्हणाला, “आवतन तं एकाचंच होतं, दादा.” वामनराव, म्हणजे दादा, बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग पुढच्या पानाकडे सरकला. त्यानंतर दोघांत बोलणं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फोन नंबर दोघांकडेही होते.

नऊ वर्षांत राजकुमारनं या गोष्टीचा किती कीस काढला असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. गोविंदाची चूक असेल. पण गोविंदाला मलकापूरची घरं कुणी सांगितली? दादानं सांगितली असतील. पण सांगताना ‘राजकुमारकडं मी जातो’ असं म्हणायचं राहून गेलं असेल. राहून गेलं, की राहू दिलं? वहिनी काही बोलली असेल का? वहिनी बोलणारी नाही. पण मग ती गप्प तरी का राहिली? असं करत करत तो वाक्यामागची वाक्यं उकरत जाई, आणि खाली काहीच लागत नसे. मागच्या हिवाळ्यात झोप उडाली तेव्हा तो बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. मोताळ्यावरून जाणाऱ्या गाडीत तोंडाला दस्ती बांधून बसला होता, तरी कंडक्टरनं ओळखलंच. “काय साहेब, इकडं कुठं?” राजकुमार म्हणाला, “दाढ.” झालं! पुढं महिना-दोन महिने डेपोतला जो तो त्याच्या दाढेची चौकशी करी, आणि कोणती दाढ म्हणालो होतो, डावी की उजवी, याची त्याला वेगळी काळजी लागून राहिली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, बोलायला गोड. म्हणाली, विचार म्हणजे स्टँडवरच्या गाड्या समजा, येतात, जातात, प्रत्येक गाडीत चढायलाच पाहिजे असं थोडंच आहे? ती हे सगळ्यांनाच सांगत असणार. राजकुमार म्हणाला, “मॅडम, मी स्टँडवर कंट्रोलरच हाओ. मी कोनत्याच गाडीत चढत नाई. पन मले हरेक गाडीची नोंद ठेवा लागते.” ती हसली, मग हसणं आवरून तिनं गोळ्या लिहून दिल्या, सावकाश श्वास घ्यायचा कसा ते दाखवलं, आणि संध्याकाळच्या चहानंतरचा अर्धा तास फक्त काळजीसाठी राखून ठेवायला सांगितलं. वेळापत्रकाचा माणूस, त्याला हे पटलं. तो रोज चहा झाला की अंगणात खुर्ची टाकून काळजी करायला बसे. पण काळज्या कुठल्या वेळेवर यायला! त्या अर्ध्या तासात डोकं साफ मोकळं. शेजारच्याची शेळी दिसे, भिंतीवरचं शेवाळ दिसे. आणि आंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी तीन-तीन एकदम दारात. तरी फायदा झाला नाही असं म्हणता यायचं नाही. झोप थोडी आली. आणि त्या झोपेतून एका सकाळी उठून तो रुक्मिणीला म्हणाला होता, “दादाकडं आवतन द्याले मीच जातो.” रुक्मिणीनं देवाला नारळ ठेवला.

तर रविवारी तो गेला होता. रिकाम्या गाडीतल्या खिडकीशी बसून धरणगाव फाट्यापासून पुढं वडनेरपर्यंत तो एकच वाक्य मनात घोकत गेला. ‘दादा, राखीचं लगन हाये, तुमचं चूलबंद आवतन हाये.’ मग वाटलं, ‘वयनी’ हा शब्दही यायला पाहिजे. ‘दादा, वयनी.’ मग वाटलं, चूलबंद आधी म्हणावं. मग वाटलं, आवतन हा शब्दच नको, नाहीतर दादाला वाटायचं की भावाला आवतन देतो. पण शब्दच नाही म्हटला तर नऊ वर्षांनी सांगायला आलो ते काय? असं ते वाक्य त्यानं इतक्या प्रकारांनी म्हणून पाहिलं की शेवटी गाडीतून उतरताना त्याच्या तोंडाला कोरड पडली. आणि आता, दोन दिवसांनी, केबिनमधल्या खुर्चीत, त्याला त्या भेटीतलं सगळं आठवत होतं. दादा ओट्यावर बसून चिंचा फोडत होता. हातातला बत्ता तसाच राहिला. कूलरची घरघर. झुंबरवहिनीनं आणलेला गूळ आणि पाण्याचा तांब्या, तांब्याला बाहेरून आलेला ओलावा. तिच्या हातातल्या बांगड्या पूर्वीपेक्षा सैल झालेल्या. पायरीवर चिंचोक्यांचा ढीग. आपण वाकलो, पाया पडलो, दादाच्या तळव्यावर अक्षता ठेवल्या, तो तळवा खरबरीत लागला. तोंड उघडलं. तिथून पुढं वाक्यं होती. पण ती गाडीतली होती, की दारातली? घोकलेलं आणि बोललेलं एकमेकांत असं कालवलं गेलं होतं की वेगळं काढता येईना. दादा काय म्हणाला? दादा काहीच म्हणाला नाही. वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेली. आणि आपण, गाडी चुकेल म्हणून, उठून आलो. गाडी! दिवसभर ज्याला गाड्यांशिवाय काही दिसत नाही, त्याला गाडी चुकायची भीती.

केबिनमधून त्यानं घरी फोन लावला. रुक्मिणी मांडवाच्या गडबडीत होती. मागं भांड्यांचा आवाज. त्यानं विचारलं, “रविवारी मी घरी आलो तवा काय सांगतलं होतं तुले? चूलबंद म्हनलो म्हून सांगतलं का?”

“सांगून आलो म्हनले तुमी. चूलबंदच म्हनले असान ना.”

“असान म्हंजे?”

“अवो, म्हंजे मी होती का तिथं? येवढं वाटते तं फोन लावा अन् इचारा.”

“काय इचारू? दादा, मी काय बोललो होतो, असं? अन् फोनवर आवतन देत असतात का? तेबी दादाले?”

मागून राखीचा आवाज आला, “आई, मोठीआई कवा येईन, इच्यार ना बाबाले.” रुक्मिणी म्हणाली, “ऐकलं?” आणि फोन ठेवला. ऐकलं होतं. पोरीनं लग्न ठरल्यापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. सोनं हे घ्या, शालू तो घ्या, काही नाही. मला न्हाऊ मोठीआई घालीन, एवढंच ती म्हणाली होती. आणि तेही एकदाच म्हणाली, म्हणून ते राजकुमारच्या डोक्यात रुतून बसलं होतं. हळदीला झुंबरवहिनी नसेल तर पोर हसतमुखानं हळद लावून घेईल. तशीच आहे ती. तोंडातून शब्द काढायची नाही. बापावर गेलेली.

घटकाभरानं रुक्मिणीचे फोन यायला लागले. एक वाजून थांबला, दुसरा वाजला. त्यानं आवाज बंद करून फोन टेबलावर पालथा घातला. ही विचारणार, लावला का फोन. काय सांगायचं? मग मेसेज आल्याचा उजेड पडला. उघडावा, तर उघडल्याच्या निळ्या खुणा तिला दिसणार. खुणा दिसल्या आणि आपण उत्तर दिलं नाही, की तिला वाटणार, काहीतरी बिनसलं. न उघडलेलाच बरा. समोर धुळीचा एक भोवरा फलाटावरून फिरत गेला आणि रसवंतीच्या छपराखाली विरला. त्यानं मोताळ्याची गाडी पुकारली, बोदवडची पुकारली. आपला आवाज बाहेर भोंग्यातून घोगरा होऊन येतो आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात, बोचकी उचलून पळतात, याचं त्याला नेहमीच जरा नवल वाटे. आपण काय बोललो ते आपल्याला ठाऊक नसतं, त्यांना असतं.

आणि मग दुपारी डबा उघडताना तो विचार आला, ज्याला तो सकाळपासून दाराबाहेर थोपवून होता. समजा, आपण चूलबंद म्हणालोच नाही. समजा, ‘घरटी एक माणूस’ असंच तोंडातून निघालं असेल. चुकून? की नऊ वर्षं आत दडवून ठेवलेलं वाक्य संधी साधून आपणहूनच बाहेर पडलं असेल? परतफेड. आपण मनात एक वाक्य घोकत होतो आणि मनाच्या तळाशी कुणीतरी दुसरंच वाक्य पाजळत बसलं होतं. दादा गप्प का राहिला मग? वहिनी पदर लावून आत का गेली? घास त्याच्या हातात राहिला. पोळी आणि मेथीची भाजी. अरे देवा, आपण इतके हलकट असू? त्याला स्वतःची किळस आली, मग किळस आल्याचंही थोडं बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचा पुन्हा राग आला. डबा त्यानं तसाच बंद केला. सावकाश श्वास घेऊन पाहिला. श्वासाला बापड्याला काय, तो आला आणि गेला.

ड्यूटी संपवून, दुसऱ्या कंट्रोलरच्या हाती माइक देऊन, लग्नाच्या सुट्टीच्या शुभेच्छा घेऊन तो बाहेर पडला, पण पाय घराकडे वळेनात. स्टँडसमोर अब्दुल गनीचं गादी-रजईचं दुकान. दोघं एका वर्गात होते. नववीत दोघंही एकाच वेळी नापास झाले, तेव्हापासून मैत्री. लग्नाच्या गाद्या गनीच करत होता. कापसाच्या बारीक तंतूंनी त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. राजकुमारनं सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, तळाशी बसलेल्या त्या वाक्यापर्यंत. गनी गादीला टाका घालत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “तू अख्खी जिंदगी लोकाले सांगून राह्यला, ही गाडी वडनेरले जाते, ही गाडी वडनेरले जाते. तुले माईत हाये का, ती खरंच जाते?”

“मजाक नको करू बे.”

“मजाक नाई करून राह्यलो. ते पाय, उभी हाये. बस अन् जाय. दादाच्या दारात उभं राय, अन् म्हन, चूलबंद. दोन डाव म्हनलं तं काय त्याइचं पोट दुखनार हाये का?”

“पन दादाले वाटीन का पयल्यांदा मुद्दामच—”

“वाटू दे!” गनी सुई गादीत खुपसून ओरडला. “त्याले काय वाटीन, तिले काय वाटीन, मलेबी सांग एकदा मले काय वाटीन! काल माह्या उमैमाच्या शाळेत जायचं राहून गेलं, पोरगी फुगून बसली, मी काय करून राह्यलो? गादी शिवून राह्यलो. संध्याकायी मनवीन तिले. जाय, गाडी सुटून राह्यली.”

भोंग्यातून दुसऱ्याच माणसाच्या आवाजात ‘वडनेर भोलजी, नांदुरामार्गे’ ऐकू आलं. राजकुमार उठला आणि धावला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, खांद्याला डब्याची पिशवी. कंडक्टरनं दार उघडं धरून विचारलं, “काय साहेब, दाढ?” तो पिशवी सांभाळत आत चढला. खिडकीशी बसला. ऊन तिरपं होऊन मांडीवर पडलं होतं. दोन्ही बाजूंना उलंगवाडी होऊन रिकामी पडलेली रानं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, नांगरलेली काळी ढेकळं. या वेळी तो काही घोकणार नव्हता. घोकायचं नाही, घोकायचं नाही, असं तो वडनेरपर्यंत घोकत गेला.

दादाच्या दाराला कुलूप होतं. ओटा झाडलेला. चिंचोक्यांचा ढीग नव्हता, बत्ता नव्हता. कूलरवर जुनी चादर टाकून ती सुतळीनं बांधलेली. राजकुमार कुलपाकडे बघत उभा राहिला. तर दादा घरदार बंद करून निघून गेला. लग्नाच्या वेळी गावात राहायला नको, कुणी विचारायला नको, म्हणून. काजलकडे गेला असेल. त्यानं पायरीवर हात टेकला. फरशी चटका देण्याइतकी तापलेली. कुठूनतरी शेंगदाणे भाजल्याचा वास येत होता. शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली अन्नपूर्णाबाई डोळ्यावर हात धरून त्याच्याकडे निरखून पाहत होती. ही बाई त्याच्या आईच्या वेळची.

“कोन, राजू व्हय रे?” ती म्हणाली. “तू काऊन इथं?”

“दादा कुठं गेले, मावशी?”

“कुठं गेले म्हंजे?” बाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. “तुह्याच घरी गेले ना, बाप्पा! सकायच्या गाडीनं. झुंबर तं दोन दिसापासून गाठोडं बांधून बसली होती. म्हने, माह्या राखीले न्हाऊ घालाचं हाये, वक्तावर जाऊन कसं होईन. सिलेंडराचं बटन बंद केलं, दूधवाल्याले नको म्हनलं, म्हशी माह्या सदाशिवाच्या हवाली केल्या. अन् तू इथं उभा! लगन कोनाचं हाये रे, तुह्या पोरीचं का माह्या?”

सकाळच्या गाडीनं. राजकुमार पायरीवर बसला. फरशी तापलेली होती तरी बसला. सकाळची गाडी, दार आपटलं, माणसं उतरली. टोपी. वर केलेला हात. गाठोडं. आपण काचेतून सरळ तिकडे पाहत होतो. पाहत होतो, आणि त्याच वेळी दादाच्या दारात आपण काय बोललो असू ते आठवत होतो. त्याला हसू आलं. पण ते हसू मधेच भलतंच काहीतरी झालं आणि त्यानं पिशवीतली दस्ती काढून तोंड पुसलं. अन्नपूर्णाबाईनं लसूण पुन्हा हातात घेतला. सोललेल्या पाकळ्या सुपात पडत होत्या. राजकुमार त्या पाहत बसला. वाऱ्यानं लसणाची सालं उडत उडत दादाच्या ओट्यापर्यंत येत, तिथं थोडी थांबत, पुढं जात. एक कोंबडी आली, तिनं एका सालीला चोच मारून पाहिली, सोडून दिली. बराच वेळ हे असं चाललं होतं, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपण एवढा वेळ कसलाही विचार न करता नुसतेच बसून आहोत. ध्यानात आलं तसं ते गेलंही. पण होतं खरं.

परतीच्या गाडीत त्यानं मेसेज उघडला. ‘दादा वयनी आले. भाजी आनू नका, वयनीनं वांगे आनले.’ त्याखाली दुसरा. ‘कुठं हा तुमी’.

घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात मांडवाचे बांबू रोवले जात होते, आणि स्टुलावर चढून, तोंडात सुतळी धरून, वामनराव आडव्या बांबूला गाठ मारत होता. स्वयंपाकघरातून बट्ट्या तळल्याचा वास. आत राखी मोठीआईच्या पायाशी बसलेली, आणि वहिनी तिच्या केसांना तेल लावत तिला कशावरून तरी रागावत होती. नऊ वर्षं साठलेलं रागावणं असावं, पोर मान खाली घालून मजेत ऐकत होती. राजकुमार फाटकाशीच उभा राहिला. दादानं वरून पाहिलं आणि तोंडातली सुतळी काढली.

“कुठं गेल्ता बे?”

सगळं अंगण ऐकत होतं. रुक्मिणी दारात आली. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं. दाढ, असं म्हणता आलं असतं.

“वडनेरले.”

“काऊन? आमी तं इकडं आलो. स्टँडावर हात केला तुले. तू माह्याकडंच पाहून राह्यला होता, मुंडी बी हालवली. झुंबर म्हने, कामात असन, राहू द्या.”

“दिसले नाई, दादा.”

“समोर होतो.”

“हो. समोर होते.” मग तो म्हणाला, “आवतन द्याले गेल्तो. परवाच्याले मी बरोबर बोललो का नाई, मले याद येऊन नव्हतं राह्यलं. म्हून पुन्हा गेलो.”

दादा स्टुलावर तसाच उभा होता. चष्म्याच्या काचा तिरप्या उन्हानं चमकत होत्या, त्यामुळे डोळे दिसेनात. मग त्यानं सुतळीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

“मले तरी कुठं याद हाये तू काय बोलला,” तो म्हणाला. “नऊ वर्सानं दारात येऊन उभा राह्यला. कोन तुह्ये शब्द आयकते? मी तं तुह्ये केस पाहून राह्यलो होतो. येवढे पिकले.” त्याचा आवाज जरा फाटला, मग त्यानं खाकरून तो जागेवर आणला. “आता पाह्यत काय राह्यला? हा बांबू धर. घसरून राह्यला.”

राजकुमारनं पिशवी जमिनीवर ठेवली, पुढं झाला आणि दोन्ही हातांनी बांबू धरला. बांबू ताजा होता, हिरवा वास येत होता, आणि दादानं वरून गाठ आवळली की तो तळहातात थोडा थोडा दाबला जात होता.

“हालू नको,” दादा म्हणाला.

तो हलला नाही.